जांभ्याच्या घराला थर्माकोलची कॉर्निस, चिपळूणच्या पावसात टिकेल?

जांभा_८८: मंडळी, चिपळूणला आमचं जांभ्याचं घर आहे, १९८८ चं. यंदा रंगाचं काढलंय. धाकट्या भावाला दर्शनी भिंतीवर कॉर्निस हवी, म्हणजे पुढे आलेली शोभेची आडवी पट्टी. गवंडी म्हणतो, विटा पुढे काढून गिलाव्यात करू. कंत्राटदाराने थर्माकोलचा नमुना आणला, वर सिमेंटचं कवच. हातात घेतला तर वजनच नाही. आई म्हणाली, "मखराला बंदी, आणि घराला लावा!" टिकेल का?

सेटवाला_गोरेगाव: आईंना सांगा, २०१८ ची बंदी ताटं-वाट्या नि सजावटीवर.

मी अकरा वर्षं सेटवर मोल्डिंग केलं, आता बंगल्यांची एलिव्हेशनं करतो. सेटवरचा वाडा नि तुमची कॉर्निस, आतला माल एकच. फरक सालीचा. सेटवर शूटिंग संपेपर्यंत उभं राहिलं की झालं. घराला फायबरची जाळी आणि पॉलिमर घातलेलं सिमेंट, मिळून तीनएक मिलिमीटर. जाळी अल्कलीला टिकणारी मागा, साधीला सिमेंट खातं. आणि तो नमुना फोडा. जाळी दिसली नाही तर तो सेटचा माल.

वजनाचं म्हणाल तर बारा इंच बाय आठ इंच, दहा फूट लांब तुकडा, घनमीटरला २० किलोचा फोम (थर्माकोलच तो): आतला माल चार किलोच्या आत. तेवढंच भरीव काँक्रीट साडेचारशे किलो. जुन्या भिंतीला हे बरं. पण उघड्या जांभ्यावर चिकटवू नका. आधी गिलावा, तो नीट वाळू द्या, मग चिकटवा, मोठ्या तुकड्यांना फास्टनरही.

पावसाने फोम कुजत नाही. पाणी शिरतं सांध्यातून आणि मागे बसून राहतं. अमेरिकेत विल्मिंग्टनला १९९० च्या दशकात लाकडी घरांवर असं अख्खं फोमचं आवरण चढवलं होतं. खिडक्यांपाशी शिरलेलं पाणी बाहेर पडेना, आतलं लाकूड कुजलं. तुमचा जांभा कुजायचा नाही, ओल मात्र घरात येईल. म्हणून वर उतार, खालच्या कडेला पाणी तुटायला खाच, सांध्यांवरून सलग जाळी. भिंतीलगतचं सीलंट दर पावसाळ्याआधी बघायचं.

रत्नांग्रीची_ताई: आमच्याकडे शिडी लागून कोपऱ्याचा टवका उडाला. रंगाऱ्याने ऑइलपेंटात थिनर घालून हात मारला. सकाळी बघतो तर आत पेरूएवढं भगदाड, बाजूचं कवच शाबूत!

सेटवाला_गोरेगाव: थिनर, पेट्रोल लागलं की फोम विरघळतो, ताई. पाण्यातला ॲक्रिलिक रंगच वापरायचा. टवकाही लगेच भरा, नाहीतर खार घर करते. फोम फायर-रिटार्डंट, म्हणजे आगीला आवर घालणाऱ्या प्रतीचा घ्या. तोही तापला की वितळतोच, म्हणून स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टपाशी मी लावत नाही. गिऱ्हाईक रुसलं तर रुसलं.

जांभा_८८: कोयत्याने फोडला. जाळी नाही. कंत्राटदार म्हणतो, "ती घातली तर फुटाचा भाव वेगळा." भाऊ तयार आहे. दादा, आता एकच. आईला दिवाळीत कंदील कॉर्निसलाच टांगायचाय.

सेटवाला_गोरेगाव: कवचात हूक नको. भोक पडलं की पाणी तिथूनच.

जांभा_८८: बरं. पडवीच्या वाशाला जुना हूक आहे, तोच ठेवतो.