स्मोकी आय घरी करायचंय, पापण्या जड आहेत आणि लेन्स लावते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पुढच्या शनिवारी धाकट्या दिराचं रिसेप्शन आहे, संध्याकाळी ७ ला, आणि मला यावेळी डोळ्यांचा स्मोकी मेकअप (म्हणजे तो गडद, धुरकट पसरवलेला) स्वतःच घरी करायचाय. पार्लरला जायचं नाहीये कारण नणंदेच्या लग्नात तिकडे करून घेतला होता, मी तीनदा सांगितलं हलकं करा तरी त्यांनी भुवईपर्यंत काळं नेलं, आणि वर सगळी चमकी, रात्रभर डोळ्यात खुपत होतं, तो दिवस मला पुन्हा नकोय.

माझं वय ४१, रंग गव्हाळ, लेन्सचा नंबर साडेचार. मुख्य अडचण म्हणजे माझ्या वरच्या पापण्या जड आहेत, डोळा उघडला की पापणीवरचं सगळं घडीच्या आत जातं, दिसतच नाही. साडी गडद जांभळी पैठणी, सोनेरी काठ. घरात आहे ते असं: १२ शेड्सचं एक पॅलेट, काळी काजळ पेन्सिल, मस्कारा, कन्सीलर, कॉम्पॅक्ट आणि पॅलेटबरोबर आलेली ती स्पंजची काडी.

आत्तापर्यंत दोनदा करून बघितलं. पहिल्यांदा काजळ लावून इअरबडने पसरवलं तर डोळ्याला मार बसल्यासारखं काळंनिळं दिसायला लागलं. दुसऱ्यांदा व्हिडिओ लावून बसले, त्यातल्यासारखंच पापणीवर काळी शॅडो, घडीत ब्राउन, डोळे मिटून फोटो काढला तर खरंच छान दिसत होतं हो, पण डोळे उघडले आणि काहीच नाही, उलट दहा मिनिटांनी वरच्या बाजूला भुवईखाली काळा ठसा उमटला आणि गालांवर सगळी काळी पावडर, ती पुसायला गेले तर फाउंडेशनच निघालं. काढताना चोळून चोळून डोळे लाल झाले ते वेगळंच.

तर कुठे चुकतंय? जड पापण्यांना स्मोकी जमतं की नाद सोडून साधं लायनर लावू? ब्रश घ्यायचेच असतील तर कुठले, फार खर्च नको. प्लीज सविस्तर सांगा, मनापासून करायचंय मला हे.

प्रतिसाद:
अगं नाद का सोडायचा, माझ्याही पापण्या अशाच आहेत. व्हिडिओतल्या बऱ्याच जणींची पापणी मोकळी असते, त्यांचं जसंच्या तसं केलं की आपलं घडीत गडप होणारच. तू डोळे मिटून करतेस ना, तिथेच गडबड आहे. आरसा डोळ्यांच्या समोर ठेव, हातात धरून खाली नको, मान सरळ, डोळे उघडे, आणि मॅट, म्हणजे बिनचमकीचा, ब्राउन घडीच्या किंचित वर लाव म्हणजे समोर बघताना रंग दिसेल. चमकीची शेड त्या जाड भागावर अजिबात नको, तो अजून फुगीर दिसतो. आणि ती स्पंजची काडी रंग बसवायला ठीक आहे, पसरवायला नाही. दोनच ब्रश घे, एक फुगीर मऊ केसांचा आणि एक बारीक, टोकाकडे निमुळता. फुगीर ब्रश दांड्याच्या शेवटाला धरायचा, म्हणजे आपोआप हात हलका पडतो.

प्रतिसाद:
लेन्सबद्दल लिहिते, मी १८ वर्षं वापरतेय. हात धुऊन आधी लेन्स घालायच्या मग मेकअप, आणि घरी आल्यावर आधी लेन्स काढायच्या मग मेकअप पुसायचा. तेलकट रिमूव्हर लेन्सला लागू देऊ नकोस. काजळ केसांच्या मुळाशी बाहेरून लाव, आतल्या ओल्या कडेवर नको, ते डोळ्यात उतरतं. सुट्टी चमकी तर नकोच नको. आणि मस्कारा कधी उघडलेला आहे? तीन महिन्यांवर झाले असतील तर नवा घे, यात काटकसर करू नये असं माझं ठाम मत आहे.

धागाकर्ती:
दोघींचे खूप आभार! मस्कारा दिवाळीतला आहे, आज टाकला. पण काळा रंग कमी केला तर स्मोकी वाटेल का? आणि तो वरचा ठसा कशाने पडतो?

प्रतिसाद:
ताई, स्मोकी म्हणजे काळं असं नाही, केसांच्या मुळाशी सगळ्यात गडद आणि वर जाताना विरत जाणारं, बस. जांभळ्या साडीवर चॉकलेट ब्राउन आणि थोडा वांगी रंग सुरेख दिसेल, काळं फक्त मुळाशी. ठसा पडतो तो तेलामुळे, जड पापणी वरच्या कातडीला टेकते. म्हणून आधी पापणी टिपून कोरडी कर, कन्सीलरचा अगदी पातळ हात, वर कॉम्पॅक्ट, मग शॅडो. काजळ वॉटरप्रूफ असेल तर पटकन सुकतं, त्यामुळे एका डोळ्याला लावून लगेच पसरव, मगच दुसरा. त्यावर त्याच रंगाची शॅडो दाबून बसव, घासू नकोस. ब्रश शॅडोत बुडवला की आधी झटकायचा. फाउंडेशन डोळे झाल्यावर, म्हणजे गालावर पडलेलं आधी पुसता येतं. काढताना कापसावर मायसेलर वॉटर (मेकअप काढायचं पाण्यासारखं क्लेन्झर) घेऊन मिटलेल्या डोळ्यावर अर्धा मिनिट नुसतं धरून ठेव, आपोआप सुटतं.

धागाकर्ती:
रविवारी दुपारी करून बघितलं, सांगायलाच आले. आरसा कपाटाला टेकवून उभा केला, खिडकीसमोर बसले, डोळे उघडे ठेवून ब्राउन लावलं. पहिले चार-पाच हात काहीच दिसेना, मला वाटलं शॅडोच संपलीये, मग हळूहळू धुरकट कड दिसायला लागली, वर कुठे संपते ते कळतच नव्हतं, इतकं बरं वाटलं! मुळाशी काजळ, त्यावर वांगी शॅडो दाबून. मुद्दाम तसंच ठेवून पोळ्या केल्या, गॅससमोर घाम आला तरी वर ठसा नाही, फक्त बाहेरच्या कोपऱ्यात जरा पसरलं. सासूबाई म्हणाल्या डोळे पाणीदार दिसतायत. काढतानाही लाल झाले नाहीत.

आता एकच राहिलंय. उजवा डोळा मस्त झाला, डाव्याचा कोपरा दरवेळी जास्त वर जातो, मग सारखं करायला उजवा वाढवते, मग परत डावा, आणि दोन्ही मोठे होत जातात. यावर काय करू?

प्रतिसाद:
वाढवू नकोस, कमी कर. स्वच्छ इअरबडला थोडं कन्सीलर लावून कोपऱ्यातून भुवईच्या टोकाच्या दिशेने तिरकं पुसायचं, कड सरळ येते. शॅडो दोन्ही डोळ्यांना आलटून पालटून लाव, एक पूर्ण करून दुसरा नको, एकसारखं तेव्हाच होतं. आणि आधी डावा घे, जो नीट जमत नाही तो आधी, उजवा त्याच्याशी जुळवणं सोपं जातं.

धागाकर्ती:
हे सुचलंच नव्हतं! गुरुवारी रात्री साडी नेसून, हॉलसारखे पिवळे दिवे लावून पुन्हा करते, डाव्यापासून. जमलं तर इथेच लिहीन.