राउंडक्यूब : जुन्या खात्यांची डिफॉल्ट भाषा मराठी कशी करावी? (मदत हवी आहे)

नमस्कार. आमच्या शिक्षण संस्थेचा मेल सर्व्हर आम्ही स्वतःच चालवतो आणि त्यावर वेबमेलसाठी (ब्राउझरमधून मेल पाहण्यासाठी) राउंडक्यूब ही प्रणाली बसवलेली आहे. कार्यालयाचा पत्रव्यवहार मराठीत होत असल्याने वेबमेलही सर्वांना मराठीतच उघडावे, वेळ भारतीय प्रमाणवेळेनुसार दिसावी आणि उत्तर लिहिताना कर्सर मूळ मजकुराच्या वर यावा, असे ठरले. त्याप्रमाणे ‘कॉन्फिग.इंक.पीएचपी’ या राउंडक्यूबच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये लँग्वेज, टाइमझोन आणि रिप्लाय_मोड यांची मूल्ये भरली. (मूळ डिफॉल्ट मूल्ये असलेल्या ‘डिफॉल्ट्स.इंक.पीएचपी’ला हात लावलेला नाही. नवी आवृत्ती बसवताना ती फाइल बदलली जाते.)

नव्या खात्यांत सर्व काही अपेक्षेप्रमाणे दिसते. जुन्या खात्यांत वेळ आणि कर्सर बहुतेकांचे बदलले, भाषा मात्र इंग्रजीच राहिली. ‘डोंट_ओव्हरराइड’च्या यादीत (वापरकर्त्याला बदलता न येणाऱ्या सेटिंग्जच्या यादीत) लँग्वेज घातल्यास सर्वांना मराठी दिसते, पण मग सेटिंग्जमधून भाषेचा पर्यायच नाहीसा होतो. आमच्याकडे काही अमराठी प्राध्यापक आहेत. त्यांच्यावर अशी सक्ती करणे योग्य होणार नाही. सक्ती न करता जुन्या खात्यांची भाषा बदलता येईल का? डेटाबेस मारियाडीबी आहे.

प्रतिसाद :

भाषा इतर पसंतींबरोबर साठवली जात नाही. खाते प्रथम तयार होताना, बहुधा ब्राउझरच्या भाषेवरून, ती ‘यूजर्स’ तक्त्यातील ‘लँग्वेज’ या स्वतंत्र रकान्यात लिहिली जाते आणि पुढे फाइलमधील मूल्यापेक्षा तीच ग्राह्य धरली जाते. म्हणून तक्त्याची प्रत काढून ठेवावी आणि ज्या ओळींत ‘ईएन_यूएस’ (इंग्रजी) आहे तेथे ‘एमआर_आयएन’ (मराठी) लिहिणारी एक अपडेट क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली बदलाची आज्ञा, चालवावी. इंग्रजी कोणी मुद्दाम निवडली आणि कोणाकडे ती आपोआप आली, हे त्या रकान्यावरून कळत नाही. तेव्हा अमराठी प्राध्यापकांची खाती क्वेरीतून नावानिशी वगळावीत.

इतर पसंती जिथे साठतात त्या ‘प्रेफरन्सेस’ रकान्याला मात्र हात लावू नये. वापरकर्त्याने न बदललेली, डिफॉल्टइतकीच असलेली मूल्ये राउंडक्यूब तेथे साठवतच नाही. म्हणजे ज्यांचा कर्सर अजून खाली येतो, त्यांनी तो बहुधा स्वतःच तसा ठेवला असणार. शिवाय त्या रकान्यातील मजकुरात प्रत्येक अक्षरी नावाआधी व मूल्याआधी त्याची लांबी नोंदलेली असते. नुसते शोधा-आणि-बदला केल्यास ती चुकू शकते आणि मग त्या वापरकर्त्याच्या साऱ्याच पसंती वाचता येईनाशा होतात.