सीएनसीला प्रोग्रॅम पाठवायचं सॉफ्टवेअर उघडेना, 'नो मॉड्यूल नेम्ड सीरियल' येतंय

शिरोली_टूलरूम

नमस्कार मंडळी, शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, फाऊंड्रीकडनं कास्टिंग येतात आणि व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या सीएनसी मशीनवर, मशिनिंग करून देतो. मशीन जुनं आहे, कंट्रोलरला पेन ड्राइव्ह लागत नाही, म्हणून कॉम्प्युटरवरनं आरएस-२३२ केबलने प्रोग्रॅम पाठवायला आमच्या आधीच्या प्रोग्रॅमरनं पायथनमध्ये एक छोटं सॉफ्टवेअर करून दिलेलं, तो पोरगा आता पुण्याला गेला. सॉफ्टवेअर कित्येक वर्षं बिनतक्रार चाललं.

आता झालंय असं की कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली, नवीन टाकून विंडोज घातलं, कॉम्प्युटरवाल्यानं पायथन पण नवीन टाकून दिलं, ३.१३ आहे. जुन्या डिस्कवरनं फोल्डर जसंच्या तसं कॉपी करून मिळालं. पण आयकॉनवर डबल क्लिक केलं की काळी खिडकी चमकते आणि बंद होते, काय लिहून येतंय ते वाचायला पण मिळत नाही. मग फोल्डरमध्ये जाऊन कमांड प्रॉम्प्टवरनं चालवलं तेव्हा शेवटी 'मॉड्यूलनॉटफाउंडएरर, नो मॉड्यूल नेम्ड सीरियल' असं आलं. नेटवर बघून, पायथनची मॉड्यूल उतरवून टाकणारी 'पिप' कमांड असते ती वापरून 'पिप इन्स्टॉल सीरियल' दिलं, 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड' म्हणतंय, परत चालवलं तर तीच एरर. परत इन्स्टॉल दिलं तर 'रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाईड' म्हणतंय! एकीकडे आहे म्हणतंय आणि एकीकडे नाही म्हणतंय, मग खरं काय धरायचं?

पंप बॉडीचा जॉब फिक्स्चरला लावून ठेवलाय, प्रोग्रॅम मोठा आहे, हातानं कंट्रोलरवर टाईप करत बसणं शक्य नाही. कुणाला माहीत असेल तर कृपया सांगा. आणि दुसरं, क्वालिटीच्या खोलीत एक विंडोज ७ चा लॅपटॉप आहे, त्यावर पण टाकून बघितलं तर तिथं वेगळंच, 'एपीआय-एमएस-विन-सीआरटी-रनटाईम' असलं लांबलचक नाव आणि पुढं 'डीएलएल इज मिसिंग'. शेजारच्या शॉपमधला म्हणतोय नेटवरनं ती डीएलएल फाईल उतरवून सिस्टम३२ मध्ये टाक. टाकू काय?

उद्यमनगर_कोडर

दादा पहिलं म्हणजे ती डीएलएल फाईल कुठल्या तरी साईटवरनं उतरवू नका, थांबा जरा, त्याचं खाली कुणीतरी सांगेलच नाहीतर मी सांगतो. आधी व्हीएमसीचा कॉम्प्युटर चालू करू.

दोन्ही खरं बोलतायत. तुमच्या कॉम्प्युटरवर एकापेक्षा जास्त पायथन असणार. प्रत्येक पायथनचं मॉड्यूल, म्हणजे जोडून वापरायचा तयार कोड, ठेवायचं फोल्डर वेगळं असतं, त्याचं नाव साईट-पॅकेजेस, आणि एकातलं दुसऱ्याला दिसत नाही. 'नो मॉड्यूल' याचा अर्थ कॉम्प्युटरवर कुठंच नाही असा घ्यायचा नाही, जे पायथन आत्ता प्रोग्रॅम चालवतंय त्याच्याकडं नाही एवढाच घ्यायचा. नुसतं 'पिप' टाईप केलं की पाथमध्ये, म्हणजे विंडोज कमांड शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत, जे पिप पहिलं सापडतं ते चालतं, आणि पायथनच्या फाईलवर डबल क्लिक केलं की विंडोजमध्ये साधारण 'पाय' लाँचर चालतो, तो वेगळं काही सांगितलं नसेल तर असलेल्यातलं सगळ्यात नवीन व्हर्जन उचलतो. म्हणजे तुमचं पिप एका पायथनमध्ये माल टाकतंय आणि सॉफ्टवेअर दुसऱ्याकडं मागतंय.

कमांड प्रॉम्प्टवर 'पाय -०पी' द्या, म्हणजे पाय, मग स्पेस, मग डॅश शून्य पी. सगळ्या पायथनची यादी येईल पाथसकट, आणि ज्याच्यापुढं चांदणी आहे ते डिफॉल्ट. मग 'व्हेअर पायथन' आणि 'व्हेअर पिप' पण देऊन बघा. हे कमांड प्रॉम्प्टवरच द्या, पॉवरशेलमध्ये 'व्हेअर' म्हणजे वेगळीच कमांड असते, तिथं काहीच येणार नाही आणि उगाच घोळ होईल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुम्हाला 'सीरियल' नावाचं पॅकेज नकोच आहे. कोडमध्ये 'इम्पोर्ट सीरियल' लिहिलेलं असतं पण पिपवर त्या पॅकेजचं नाव 'पायसीरियल' आहे. 'सीरियल' नावाचं दुसरंच एक पॅकेज आहे, त्याचा कॉम पोर्टशी, म्हणजे केबल जोडायच्या पोर्टशी, काही संबंध नाही, ते जेसन, एक्सएमएल असल्या डेटाचं काम करतं. आणि दोन्ही इन्स्टॉल झाल्यावर फोल्डर 'सीरियल' याच नावाचं करतात, त्यामुळं एकावर एक बसले की कशाचंच धड चालत नाही. म्हणून जिथं टाकलंय तिथनं आधी 'पिप अनइन्स्टॉल सीरियल' करा. मग 'पाय -एम पिप इन्स्टॉल पायसीरियल' असं द्या. पुढं 'पाय -एम' लावलं की जे पायथन चालणार त्याच्यातच मॉड्यूल जातं, ही सवय कायमची लावून घ्या.

आणि तुमच्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये कुणी 'सीरियल डॉट पाय' नावाची फाईल करून ठेवली नाही ना तेवढं बघा. पायथन आधी स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये शोधतं, तिथं त्या नावाची फाईल सापडली की खऱ्या मॉड्यूलपर्यंत जातच नाही. यादी इथं टाका, बघू.

राजारामपुरी_बीई

वरच्या भावानं एकदम बरोबर सांगितलंय. मी इंजिनीअरिंगला आहे, आमच्या लॅबमध्ये निम्म्या पोरांचं हेच दुखणं, त्यांच्यासाठी पण लिहितो कारण हा धागा कुणीतरी शोधत येणारच. नावाचा घोळ फक्त सीरियलचा नाही. 'सीव्ही२' पाहिजे असेल तर 'ओपनसीव्ही-पायथन' टाकायचं, 'पीआयएल' साठी 'पिलो', 'एसकेलर्न' साठी 'सायकिट-लर्न', 'यामल' साठी 'पायवायएएमएल'. एररमधलं नाव जसंच्या तसं पिपला द्यायच्या आधी त्या लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये इन्स्टॉलची ओळ बघायची, अर्धा मिनिट जातो पण संध्याकाळ वाचते, शिवाय भलत्या नावाचं पॅकेज कुणाचं असेल सांगता येत नाही, ते आपण आपल्या हातानं कॉम्प्युटरवर घेतोय.

व्हीएस कोड वापरणाऱ्यांनी कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून 'पायथन सिलेक्ट इंटरप्रीटर' मधनं कुठलं पायथन निवडलंय ते बघायचं, खाली उजव्या कोपऱ्यात पण दिसतं. ज्युपिटरमध्ये असाल तर सेलमध्येच टक्केवारीचं चिन्ह लावून 'पिप इन्स्टॉल' द्यायचं, म्हणजे ज्या कर्नलवर आहात त्यातच जातं. आणि 'पायथन' टाईप केल्यावर एकदम मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडत असेल तर घाबरू नका, सेटिंग्जमध्ये 'ॲप एक्झिक्युशन अलायसेस' आहे, तिथं पायथनची दोन बटणं बंद करायची.

शिरोली_टूलरूम

लई आभार दोघांचे. यादी दिली, दोन पायथन निघाले! ३.१३ वर चांदणी आहे आणि दुसरं ३.११. विचारल्यावर कळलं की मालकांच्या पोरानं डिस्क बदलल्यानंतर कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ३.११ टाकलेलं, आणि 'व्हेअर पिप' दिल्यावर त्याचाच पाथ आला. म्हणजे तुम्ही म्हणालात तसंच, माल तिकडं जात होता. सीरियल काढलं, 'पाय -एम' लावून पायसीरियल टाकलं, ती एरर गेली.

पण आता पुढची आली, 'नो मॉड्यूल नेम्ड आयएमपी'. पिपनं टाकायला गेलो तर ते पण होईना. फोल्डरमध्ये 'व्हेन्व' नावाचं एक जुनं फोल्डर पण आहे, त्यातलं पायथन चालवून बघितलं तर 'नो पायथन ॲट' आणि पुढं जुन्या युजरच्या नावाचा पाथ दाखवतंय. काय करावं?

उद्यमनगर_कोडर

एरर बदलली म्हणजे आपण पुढं सरकलोय, हे चांगलं लक्षण.

'आयएमपी' पिपनं शोधू नका. ते पायथनच्या आतलंच मॉड्यूल होतं, लई जुनं. ३.४ पासनं त्याला 'वापरू नका' म्हणत होते आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ३.१२ आलं त्यात काढूनच टाकलं. त्याच वेळी 'डिस्टयुटिल्स' पण गेलं. ३.१३ मध्ये तर 'सीजीआय', 'टेलनेटलिब' असली आणखी बरीच जुनी मॉड्यूल काढली. तुमच्या प्रोग्रॅमरनं लिहिलं तेव्हा ती सगळी होती, त्याचं काही चुकलेलं नाही, चालू सॉफ्टवेअरच्या खालचं पायथन विचार न करता बदललं की हे असं होतं. कॉम्प्युटरवाल्याला नवीन म्हणजे चांगलं एवढंच माहीत असतं, त्यानं विचारायला पाहिजे होतं की यावर काय चालायचं.

कोड बदलत बसू नका, जॉब अडकलाय. मालकांच्या पोराचं ३.११ तुमच्या कामाला आलं, त्यात आयएमपी अजून आहे. ३.१३ काढायची पण गरज नाही, दोन्ही सुखानं शेजारी राहतात. व्हेन्व म्हणजे एकाच सॉफ्टवेअरसाठी वेगळं करून ठेवलेलं पायथन आणि त्याची पॅकेजेस. जुनं व्हेन्व फोल्डर बिनधास्त उडवा, ते एका कॉम्प्युटरवरनं दुसऱ्यावर कॉपी करून चालतच नाही, त्याच्या आत 'पायव्हेन्व डॉट सीएफजी' नावाची फाईल असते, नोटपॅडमध्ये उघडून बघा, मूळ पायथनचा पूर्ण पाथ लिहिलेला दिसेल, जुन्या डिस्कवरचा. पण उडवायच्या आधी त्याच्या लिब फोल्डरमधल्या साईट-पॅकेजेसमध्ये काय काय आहे त्याचा फोटो काढून ठेवा, सॉफ्टवेअरला अजून काय काय लागतं ते तिथंच कळेल.

मग सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पाय -३.११ -एम व्हेन्व व्हेन्व' द्या. पहिलं व्हेन्व म्हणजे काम, दुसरं म्हणजे फोल्डरचं नाव. त्यात स्क्रिप्ट्स नावाचं फोल्डर येईल, त्यातल्या पायथनला पूर्ण पाथनं बोलवून '-एम पिप इन्स्टॉल पायसीरियल' द्या, फोटोतली बाकीची पॅकेजेस पण तशीच टाका. डेस्कटॉपच्या शॉर्टकटमध्ये टार्गेटला त्याच पायथनचा पाथ आणि पुढं तुमच्या फाईलचा पाथ लिहा, दोन्ही अवतरण चिन्हात, कारण फोल्डरच्या नावात स्पेस असली की गंडतं. आता डबल क्लिक केल्यावर कुठलं पायथन लागेल याचा प्रश्नच उरत नाही, उद्या कुणी ३.१४ टाकलं तरी तुमचं चालत राहील. तेवढं ३.११ कुणाला काढू देऊ नका, हे व्हेन्व त्याच्यावरच उभं आहे. एक लक्षात असू द्या, टार्गेटमध्ये 'पायथनडब्ल्यू' लिहिलं तर काळी खिडकी येत नाही, दिसायला छान, पण एरर आली तर ती पण दिसत नाही, म्हणून सगळं नीट चालेपर्यंत साधं पायथनच ठेवा.

कागल_मेंटेनन्स

विंडोज ७ च्या लॅपटॉपचं मी सांगतो, आमच्याकडं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत अजून असले बरेच जुने लॅपटॉप मशीनला लावलेले आहेत.

ती 'एपीआय-एमएस-विन-सीआरटी' वाली फाईल सुटी नसते, युनिव्हर्सल सी रनटाईम नावाच्या संचातली एक आहे. विंडोज १० मध्ये तो आधीपासनंच असतो, ७ मध्ये नसतो. एक डीएलएल कुठनं तरी आणून टाकली की दुसरीचं नाव येतं, आणि ती फाईल कुणी बनवलीय, आत काय आहे देव जाणे, मशीनचे प्रोग्रॅम असलेल्या कॉम्प्युटरवर असलं करूच नका. बरोबर रस्ता असा की विंडोज ७ वर सर्व्हिस पॅक १ आहे का बघायचं आणि मायक्रोसॉफ्टचा केबी२९९९२२६ हा अपडेट टाकायचा. 'व्हीसीरनटाईम१४०' मिसिंग असं आलं तर ते व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल, ते पण मायक्रोसॉफ्टच्याच साईटवरनं. तिथं लोक हमखास फसतात, विंडोज ६४ बिट आहे म्हणून एक्स६४ टाकतात आणि सॉफ्टवेअर असतं ३२ बिटचं, त्याला एक्स८६ वालंच लागतं. ६४ बिटवर दोन्ही टाकून मोकळं व्हायचं.

पण तुमच्या बाबतीत एवढं करून पण ३.१३ किंवा ३.११ त्या लॅपटॉपवर चालणार नाही. विंडोज ७ वर चालणारं शेवटचं पायथन ३.८, ३.९ पासनं सपोर्ट काढला. तेव्हा तिथं ३.८ टाका. आणि लॅपटॉपला नेट लावू नका, विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबलेत. नेट नसलं तरी पायसीरियल टाकता येतं, नेट असलेल्या कॉम्प्युटरवर 'पिप डाउनलोड पायसीरियल' द्या, एक छोटी व्हील फाईल, म्हणजे इन्स्टॉलला तयार पॅकेज, मिळेल, पेन ड्राइव्हवर घ्या आणि तिकडं 'पिप इन्स्टॉल' पुढं त्या फाईलचं नाव द्या, झालं. पायसीरियल सगळं पायथनमध्येच लिहिलेलं आहे म्हणून कुठल्याही व्हर्जनला तीच फाईल चालते, नमपाय सारख्यांचं तसं नसतं, त्यांना व्हर्जन आणि बिट जुळवूनच फाईल घ्यावी लागते.

शिरोली_टूलरूम

सॉफ्टवेअर उघडलं! ३.११ चं व्हेन्व करून, शॉर्टकट बदलून. मेन्यू, जुन्या प्रोग्रॅमची यादी, सगळं दिसतंय, सगळ्यांना चहा सांगितलाय. पण पाठवायला गेलो तर 'कुड नॉट ओपन पोर्ट कॉम३' येतंय. केबल तीच आहे, यूएसबीचा कन्व्हर्टर पण तोच.

कागल_मेंटेनन्स

नवीन विंडोजनं कन्व्हर्टरला वेगळा नंबर दिलेला असणार. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'पोर्ट्स' उघडा, कन्व्हर्टरच्या नावापुढं कॉम किती लिहिलंय बघा. तोच नंबर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये घाला, किंवा प्रॉपर्टीज, पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड मध्ये जाऊन कन्व्हर्टरलाच कॉम३ करा. तिथं पिवळं चिन्ह असेल तर आधी ड्रायव्हर टाका. आणि नंबर बरोबर असून 'ॲक्सेस इज डिनाईड' आलं तर पोर्ट दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरनं धरून ठेवलाय, मागं आपलंच सॉफ्टवेअर दोनदा उघडं नाही ना बघा.

पाठवायच्या आधी बॉड रेट (डेटा जायचा वेग), डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट कंट्रोलरच्या पॅरामीटरशी ताडून घ्या. फॅनक असेल तर बऱ्याच ठिकाणी ७ बिट, इव्हन पॅरिटी, २ स्टॉप बिट असतं आणि पायसीरियल काही सांगितलं नाही तर ८, नो पॅरिटी, १ धरतं. जुळलं नाही तर अलार्म येईल नाहीतर अक्षरं भलतीच जातील. पहिल्यांदा छोटा प्रोग्रॅम पाठवा, कंट्रोलरच्या स्क्रीनवर ओळ न् ओळ वाचा, आणि जॉबवर टूल न्यायच्या आधी झेड वर उचलून ड्राय रन घ्या.

शिरोली_टूलरूम

कॉम५ झालेलं. बदललं, ७ इव्हन २ सेटिंगमध्ये आधीच होतं. छोटा प्रोग्रॅम गेला, ओ नंबरपासनं शेवटच्या टक्क्याच्या चिन्हापर्यंत सगळा बरोबर आहे, सेटर ड्राय रन घेतोय. पंप बॉडीचा त्याच्यानंतर पाठवतो. उद्या लॅपटॉपवर ३.८ टाकणार.

उद्यमनगर_कोडर

झकास. त्याच व्हेन्वमधल्या पायथनला '-एम पिप फ्रीझ' देऊन जी यादी येते ती 'रिक्वायरमेंट्स' नावाच्या टेक्स्ट फाईलमध्ये ठेवा, पायथन ३.११, कॉम५ आणि पोर्टची सेटिंग शेजारी वेगळ्या फाईलमध्ये लिहा, आणि पूर्ण फोल्डरची एक कॉपी पेन ड्राइव्हवर मालकांच्या कपाटात. व्हेन्व कॉपी करू नका, ते त्या यादीवरनं परत करता येतं.