मनी अजून व्यायली नाही, काय करू?

मंडळी, आमची मनी गाभण आहे पण तारीख उलटली तरी व्यायचं नाव घेत नाहीये. डॉक्टर म्हणाले साधारण ६३ ते ६७ दिवस धरा, पण बोका नक्की कधी भेटला हे कोणाला माहिती, त्यामुळे सगळा हिशोब अंदाजपंचेच. पिल्लं हलताना हाताला लागतात, खाणंपिणं झकास, जुन्या सुती साड्या घालून खोका तयार केलाय तर बाईसाहेब कपाटात इस्त्रीच्या कपड्यांवर जाऊन बसतात. टेंपरेचर १०१ च्या वरच आहे, ते १०० च्या खाली गेलं की साधारण दिवसभरात कळा सुरू होतात ना? हिरवट स्राव वगैरे अजिबात नाही. अजून थांबू का सोनोग्राफी करून घेऊ? कोणाच्या मांजरीचं सिझर झालंय का? रात्री इथला दवाखाना बंद असतो, त्याचंच टेन्शन आलंय.