कोचला शिव्या, कोचलाच फुलं

'ज्या कोचने छळलं त्याच्या शेवटच्या दिवसांत जुनी टीम गावी परतते, हे ग्रिशमने फारच ताणलंय' असं कुणीतरी म्हटलंय, ते मत नाही पटलं. अमेरिकन लेखक जॉन ग्रिशमची, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीमवरची 'ब्लीचर्स' (२००३) कादंबरी म्हणून बेताचीच आहे, मान्य. पण पोक्त झालेले खेळाडू रात्री स्टेडियमच्या बाकांवर बसून १९८७च्या फायनलची रेडिओ कॉमेंट्री कॅसेटवर ऐकतात, तो प्रसंग अजिबात खोटा वाटत नाही. (हाफटाइमला काय घडलं ते फोडत नाही.)

मुलगा टेक्सासमध्ये शाळेच्या फुटबॉल मॅचना बँडमध्ये ट्रोम्बोन वाजवायचा, म्हणून चार वर्षं सीझनभर दर शुक्रवारी रात्री आम्ही तसल्याच थंडगार ॲल्युमिनियमच्या बाकांवर. पुढच्या रांगेत साठीचा एक प्लंबर असायचा. मुलं कधीच शिकून बाहेर पडलेली, तरी हा हजर. बोटात शाळेच्या टीममधून चँपियनशिप जिंकल्याची अंगठी. सांधा इतका सुजलेला की साबण लावूनही ती निघत नाही म्हणायचा. पायऱ्या चढताना गुडघा धरून जुन्या कोचचा उद्धार करायचा, 'दुखऱ्या पायावर खेळवलं मेल्याने!' आणि सीझनच्या पहिल्या मॅचच्या दिवशी त्याच कोचच्या थडग्यावर फुलं ठेवून मग स्टेडियमवर यायचा.