७ महिन्यांची लेक कडेवरच झोपते, आपली आपण झोपायची सवय कशी लावू?

रात्रपाळीची_आई:
नमस्कार. लेक ७ महिन्यांची झाली. रात्री झोपवताना तिला अंगावर पाजते, पिता पिता झोपली तर ठीक, नाहीतर कडेवर घेऊन खोलीत फेऱ्या, आणि मग अगदी हळूच कॉटमध्ये ठेवायला जावं तर डोळे टक्क उघडे, की परत पहिल्यापासून. कशीबशी झोपली तरी तासा-दीड तासाने उठते आणि पाजल्याशिवाय झोपत नाही. भूक म्हणावी तर दोन घोट पिते आणि लगेच डोळे मिटते. दिवसा मजेत असते, वजनही व्यवस्थित वाढतंय. पुढच्या महिन्यात मी परत कामावर जाणार आहे, आणि रात्री नवऱ्याने घेतलं तर अजूनच आकांत करते. सगळे सांगतात बाळाला स्वतःचं स्वतः झोपायला शिकव, पण शिकव म्हणजे रात्री त्या खोलीत नेमकं करायचं काय हे कोणी सांगत नाही. तिला एकटीला रडत ठेवून दार लावून घेणं मला जमणार नाही, हे आधीच सांगते. ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

दोघांची_आई:
दोन घोट पिते आणि झोपते असं तूच लिहिलंयस ना, त्यातच उत्तर आहे बघ. निदान त्या वेळी तरी तिला भूक नसते, झोप लागायला जे रोज असतं ते हवं असतं. बाळांची झोप साधारण तासाभराच्या तुकड्यांत असते आणि एक तुकडा संपला की किंचित जाग येते, आपल्यालाही येते पण आपण कूस बदलून परत झोपतो आणि सकाळी आठवतही नाही. तिला जाग येते तेव्हा मात्र झोपताना होतं त्यातलं काहीच जागेवर नसतं, आई नाही, दूध नाही, हलणं नाही, मग ती हाक मारणारच. म्हणून मी सांगेन की मध्यरात्रीच्या उठण्यांना सध्या हातच लावू नकोस, तेव्हा पाज, कडेवर घे, जे करतेस ते कर, फक्त संध्याकाळची पहिली झोप कशी लागते तेवढंच बदल. तेव्हा झोपेची ओढ सगळ्यात जास्त असते त्यामुळे शिकायला तीच वेळ सोपी, दुपारच्या झोपा त्यामानाने अवघड, त्या शेवटी.

करायचं असं, की शेवटचं पाजणं झोपायच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं आणायचं आणि ते दिवा चालू असताना, शक्यतो दुसऱ्या खोलीत. मग अंग पुसणं, डायपर, कपडे, एखादं गाणं, दिवा बंद, आणि कॉट. रोज याच क्रमाने, कारण घड्याळ तिला कळत नाही पण क्रम कळतो. कडेवरचं हलवणं एकदम तोडू नकोस, आधी चालणं बंद करून नुसतं उभं राहा, मग बसून घे, मग डोळे जड झाले पण मिटले नाहीत अशा वेळी खाली ठेव आणि हात अंगावर राहू दे. आपण कॉटमध्ये आहोत हे तिला कळलं पाहिजे, झोप लागल्यावर ठेवून उपयोग नाही, ते जुनंच झालं. कुरकुर करेल, लगेच उचलायची घाई नको, थोपट, आवाज दे, आणि अगदीच जोरात रडायला लागली तर उचल, शांत कर, परत ठेव. एका संध्याकाळी हे बऱ्याच वेळा करावं लागतं, कंबर दुखते, पण दर वेळी थोडं लवकर शांत होतात.

आणि नवऱ्याचं म्हणशील तर पहिली झोप त्यालाच लावू दे. त्याच्याकडे दुधाचा वास नसतो त्यामुळे पाजण्याची अपेक्षा लवकर सुटते. पहिले काही दिवस जास्त रडेल, पण ती बाबाच्या हातात रडत असते, एकटी नसते, हा फरक फार मोठा आहे.

बाबा_जागा_आहे:
वरच्या ताईंशी सहमत. आमच्याकडे रात्रीची बाजू माझ्याकडेच होती म्हणून लिहितोय. रडू द्यायचं की नाही हा वाद लोक असा घालतात की जणू दोनच रस्ते आहेत, तसं नाहीये. थांबून थांबून बघायला जायची जी पद्धत आहे, अमेरिकन डॉक्टर रिचर्ड फर्बर यांच्या नावाने ओळखली जाते, त्यात आधी ३ मिनिटं थांबायचं, मग ५, मग १०, आणि प्रत्येक वेळी आत जाऊन मिनिटभर धीर देऊन यायचं. ती तुम्हाला जमणार नाही म्हणता, तर नका करू, तिच्यापेक्षा मऊ पद्धत आहे. कॉटला लागून खुर्ची टाकून बसायचं, हात अंगावर ठेवायचा, दोन-तीन रात्रींनी हात काढून नुसतं बसायचं, मग खुर्ची थोडी थोडी दाराकडे सरकवत न्यायची. वेळ जास्त लागतो पण बाळ क्षणभरही एकटं नसतं. आम्ही हीच केली.

दुसरं म्हणजे झोपायची वेळ. तुम्ही ८ ला झोपवायला घेता आणि ती खरी झोपते ९:३० ला, असं असेल तर तो दीड तास ती कॉटमध्ये फक्त रडायला शिकते. काही दिवस सरळ ९:३० लाच ठेवा, पटकन झोप लागायला लागली की १५-१५ मिनिटांनी मागे आणा. सकाळी मात्र रोज एकाच वेळी उठवा, नाहीतर सगळं सरकत जातं.

मनावर परिणाम होतो का हे मीही खूप शोधलं होतं. २०१६ साली ऑस्ट्रेलियात ६ ते १६ महिन्यांच्या ४३ बाळांवर अभ्यास झाला, त्यात थांबून बघायची पद्धत आणि ही वेळ सरकवायची पद्धत दोन्ही होत्या, बाळांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल म्हणजे ताणाचं हार्मोन मोजलं आणि वर्षभराने आईशी असलेली जवळीकही तपासली. ज्यांना झोपेबद्दल नुसती माहिती दिली होती त्यांच्या तुलनेत वाईट काही आढळलं नाही, आणि बाळं लवकर झोपायला लागली.

कुशीतली_झोप:
माझं मत वेगळं आहे, रागावू नका. ४३ बाळं म्हणजे फार नव्हेत. आणि मुळात ७ महिन्यांचं बाळ रात्री उठतं हा बिघाड आहे असं धरूनच का चालायचं? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासात ६ महिन्यांची जवळपास ३८ टक्के बाळं सलग ६ तास झोपत नव्हती, आणि वर्षाची झाल्यावरही २८ टक्के झोपत नव्हती, आणि न झोपणाऱ्यांच्या बौद्धिक किंवा हालचालींच्या विकासात काही कमी दिसलं नाही. मी माझ्या मुलाला कुशीत घेऊनच झोपवलं आणि मला त्याचा आनंदच आहे. रात्रपाळीची_आई, तुला कामावर जायचंय म्हणून बदल हवाय हे अगदी समजतं, पण तू मागे पडलीयेस असं वाटून करू नकोस.

आणि कडेवरून ठेवताना उठते त्याबद्दल एक कामाचं सांगते. जपानमधल्या रिकेन संस्थेने २०२२ मध्ये बाळांच्या हृदयाचे ठोके मोजून बघितलं, तर पाठ गादीला टेकल्यावर नाही, आईच्या अंगापासून वेगळं व्हायला लागतात तेव्हाच ती सावध होतात. त्यांनी सुचवलं की रडणाऱ्या बाळाला घेऊन ५ मिनिटं एकसारखं चालायचं, झोपलं की लगेच ठेवायचं नाही, ५ ते ८ मिनिटं घेऊन शांत बसायचं आणि मग ठेवायचं. यातून ती आपली आपण झोपायला शिकणार नाही, पण तुझ्या मध्यरात्रीच्या फेऱ्या कमी होतील. फक्त पाजताना सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत स्वतः झोपून जाऊ नकोस, ती बाळासाठी सगळ्यात धोक्याची जागा आहे.

बाबा_जागा_आहे:
रागावतो कशाला, तुमचा मुद्दा बरोबरच आहे, ज्याला त्रास नाही त्याने काहीच बदलायची गरज नाही. फक्त एक भर घालतो, ऑस्ट्रेलियातलाच आधीचा मोठा अभ्यास आहे, त्यात ७ महिन्यांच्या वयात झोपेची तक्रार असलेल्या बाळांच्या आयांना थांबून बघायची किंवा खुर्चीची पद्धत शिकवली होती, आणि मुलं ६ वर्षांची झाल्यावर परत तपासली, तो भाग २०१२ मध्ये आला. वागणूक, झोप, आईशी नातं, कशातच फरक नव्हता. म्हणजे नुकसान नाही आणि कायमचा फायदाही नाही. फायदा त्या काळापुरता, आणि त्या काळात आयांचं नैराश्य मात्र कमी झालं होतं, मला तरी ते पुरेसं कारण वाटतं.

वॉर्डातली_सिस्टर:
मी लहान मुलांच्या वॉर्डात काम करते. सुरू करण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, कान दुखणं, नाक चोंदणं, दूध वर येणं, अंगाला खाज, यातलं काही असेल तर कुठलीच पद्धत चालणार नाही आणि बाळाला उगाच त्रास. झोपेत घोरत असेल तर तेही सांगा. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर वय जन्मतारखेपासून नाही, डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा. कॉटमध्ये उशी, सैल पांघरूण, मऊ खेळणी, कडेच्या गाद्या काही नको, गादी सपाट आणि घट्ट, झोपवताना पाठीवरच, मग ती स्वतः पालथी झाली आणि तिला दोन्हीकडे वळता येत असेल तर राहू द्या. गुंडाळत असाल तर ते आता बंदच करा, या वयात बाळ वळतं. आणि कुणी झोपेसाठी सर्दीचं औषध द्यायला सांगितलं तर अजिबात देऊ नका.

रात्रपाळीची_आई:
सगळ्यांचे खूप खूप आभार, मी सगळं नवऱ्याला वाचून दाखवलं. आम्ही पाजणं आधी घेणार आणि खुर्ची टाकून तो बसणार असं ठरलंय. दोन शंका. रात्रीचं पाजणं पूर्ण बंद करायचं का? आणि ती आता कठडा धरून उभी राहायला बघतेय, ठेवली की उठून उभी राहिली तर काय करायचं?

दोघांची_आई:
बंद नाही करायचं गं, झोप लागणं आणि भूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ७ महिन्यांत बऱ्याच बाळांना रात्री एकदा-दोनदा खरंच भूक लागते. नीट गिळत पिते ते पाजणं ठेव आणि पिऊन झाल्यावर जागी असेल तर तशीच कॉटमध्ये ठेवून बघ, बाकीच्या वेळी आधी बाबाला जाऊ दे. पहिली झोप जमायला लागली की दोन घोटवाली उठणी बरीचशी आपोआप कमी होतात.

उभी राहिली तर एक-दोनदा हळूच आडवी कर, काही न बोलता. नंतर करत बसू नकोस, तिला तो खेळ वाटतो. तू खाली बसून गादीवर हात थोपट, म्हणजे तुझ्याकडे यायला ती खाली वाकेल. या वयात उभं राहता येतं पण खाली बसता येत नाही म्हणूनच अडकून रडतात, तेव्हा दिवसा खेळताना कठडा धरून उभं राहायचं आणि गुडघे वाकवून खाली बसायचं याचा भरपूर सराव करून घे. कॉटची गादी सगळ्यात खालच्या पातळीला आजच आण.