नाशिक: कालच्या स्लॅबवर बारीक भेगा पडल्या आहेत, तातडीने मार्गदर्शन हवे

मखमलाबादकर: नमस्कार. आमच्या घराच्या पहिल्या मजल्याचा स्लॅब काल भरला. काम सकाळी दहाला सुरू होऊन दुपारी तीनला संपले. संध्याकाळी वर गेलो, तेव्हा पश्चिमेच्या कोपऱ्यात केसासारख्या भेगा दिसल्या. आज सकाळपासून दर दोन तासांनी पाणी मारतो आहे, तरी एप्रिलच्या उन्हात अर्ध्या तासात पृष्ठभाग पांढरा पडतो. ठेकेदारांना सातव्या दिवशी सेंट्रिंग (स्लॅबखालचा प्लेटा-टेकूंचा आधार) काढून दुसऱ्या कामावर न्यायचे आहे. पाणी किती दिवस मारावे आणि भेगांचे काय करावे, हे कृपया आजच सांगा.

निवृत्त अभियंता: सिमेंट ओपीसी (साधे पोर्टलँड) होते की पीपीसी (राखेसारखे पदार्थ मिसळलेले)? स्लॅबची जाडी आणि बीमची लांबी किती? भेगा सळयांच्या अंतरावर, सळयांना धरून सरळ गेल्या आहेत की तिरक्या? शिवाय तीन वाजल्यापासून रात्रीपर्यंत स्लॅब झाकलेला होता का? एवढे कळल्याशिवाय दिवसांचा आकडा सांगणे योग्य होणार नाही.

सिन्नरकर: इतकी चौकशी कशाला? आमच्या स्लॅबलाही अशाच भेगा होत्या. मिस्त्रींनी वरून कोरडे सिमेंट भुरभुरले, थापी फिरवली आणि सगळे बुजले. आज आठ वर्षे झाली, काही तक्रार नाही.

गंगापूर रोड: गच्चीसाठी विटांच्या तुकड्यांचा कोबा अवश्य करून घ्या. पावसाळ्यापूर्वी उतार नीट काढला, तर गळतीची चिंता राहत नाही.

निवृत्त अभियंता: कोब्याचा प्रश्न सध्या कोणी विचारलेला नाही. सिन्नरकर, काँक्रीट ओले असतानाच थापी दाबून फिरवली, तर अशा भेगा मिटतात हे खरे आहे. परंतु घट्ट झालेल्या काँक्रीटवर भुरभुरलेले सिमेंट खालच्या थराला धरत नाही, पुढे त्याची पापुद्र्यासारखी खपली निघते. यांच्या कामाला आता एक दिवस उलटून गेला आहे.

मखमलाबादकर: सिमेंट पीपीसी, जाडी ५ इंच, सर्वांत लांब बीम १६ फुटांचा. भेगा तिरक्या, हातभर लांब आणि एकमेकींना जवळजवळ समांतर आहेत. स्लॅब झाकला नव्हता. दुपारभर पश्चिमेकडून कोरडा वारा होता.

द्राक्ष बागायतदार: रोपवाटिकेतले हिरवे शेडनेट ताणून बांधा. आमच्या शेततळ्याजवळच्या खोलीला तसेच केले होते.

निवृत्त अभियंता: शेडनेटने ऊन कमी होईल, पण ओल टिकणार नाही, ते गोणपाटाच्या जोडीला ठेवावे. मखमलाबादकर, आपल्या वर्णनावरून या प्लास्टिक श्रिंकेजच्या भेगा वाटतात. काँक्रीटमधून वर येणाऱ्या पाण्यापेक्षा वाऱ्याने आणि उन्हाने उडून जाणारे पाणी जास्त झाले, की काँक्रीट घट्ट होण्यापूर्वीच वरचा थर आकसतो आणि फाटतो. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार साध्या ओपीसीला किमान ७ दिवस ओल लागते. पीपीसी असेल किंवा हवा कोरडी व उष्ण असेल, तर किमान १० दिवस, आणि पीपीसीसाठी ती १४ दिवसांपर्यंत वाढवावी अशी शिफारस आहे. आपल्याकडे दोन्ही कारणे आहेत, म्हणून १४ दिवस धरा. ओले-कोरडे-ओले हा आत्ताचा क्रम मात्र लगेच थांबवा, कारण त्याने भेगा वाढू शकतात. कमी सिमेंटच्या मसाल्याची आळी (कडेने छोटे बांध) घालून दोन इंच पाणी साठवून ठेवा. बीमच्या उघड्या बाजूंना ओले गोणपाट गुंडाळून वरून प्लास्टिक बांधा.

पंचवटी: ताज्या स्लॅबवर एवढे पाणी साठवल्यास वजन पडणार नाही का?

निवृत्त अभियंता: दोन इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला सुमारे ५० किलो, ५ इंचांच्या स्लॅबचे स्वतःचे वजनच ३०० किलोंहून अधिक असते. टेकू जागेवर असताना भीती नाही. खरी भीती सातव्या दिवसाची आहे. ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू ७ दिवसांनी काढता येतात, पण ६ मीटरपर्यंतच्या बीमखालचे १४ दिवस ठेवावे लागतात, आणि हे आकडे ओपीसीचे आहेत. पीपीसीला अधिक वेळ द्यावा. तेव्हा ठेकेदारांना लेखी कळवा.

मखमलाबादकर: आळी घातली. दुपारी खालून पाहिले, तर पश्चिमेच्या बाजूला सेंट्रिंगच्या प्लेटांच्या सांध्यातून पाण्याचे थेंब पडत आहेत. भेग आरपार गेली आहे का?

सिन्नरकर: आमच्याकडेही सांध्यातून ठिबकत होते.

निवृत्त अभियंता: थेंब सांध्यातून पडतो, यावरून भेग कोठे आहे ते कळत नाही, कारण पाणी प्लेटवरून सरकून सांध्याशी येते. क्युरिंग (ओल राखण्याचे काम) संपल्यावर आणि सेंट्रिंग उतरल्यावर भेगेच्या सरळ खाली ओलसर रेघ दिसते का, ते पाहा. दिसली तर कमी दाट इपॉक्सीचे इंजेक्शन लागेल. नसेल तर पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या घोळाने वरून भरणे पुरेल. तोपर्यंत वरच्या दोन भेगांच्या टोकांना न पुसणाऱ्या शाईने रेघ ओढून तारीख लिहा.

मखमलाबादकर: आळे थोडे उघडून चार भेगांच्या टोकांना खुणा केल्या आणि पुन्हा पाणी भरले. बीमखालचे टेकू २१ दिवस ठेवायला ठेकेदार तयार झाले आहेत, मात्र प्लेटांचे जादा भाडे ते मागत आहेत. ते मी देतो आहे.